मिस्त्री म्हणतो, इंजिन काम मागतंय!

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजीत इमारती जितक्या झपाट्याने उठल्या, तितक्या झपाट्याने नळाचं पाणी काही पोचलं नाही. त्यामुळे टँकर आलेच. लांब पल्ल्याला थकलेला ट्रक पाठीवर टाकी चढवून पुढची वर्षं काढतो, हे तर सगळीकडचंच चित्र. अशा गाडीच्या मालकाला एक दिवस मिस्त्री सांगतो, "शेठ, इंजिन काम मागतंय."

काम म्हणजे नक्की काय, हे विचारलं नाही तर पैसे बुडालेच समजा. धूर निघाला म्हणजे इंजिन गेलं, असं नसतं. काळा धूर बऱ्याचदा तुंबलेल्या एअर फिल्टरचा किंवा खराब नोझलचा असतो. तेवढ्यासाठी इंजिन खोलायचं कारण नाही. निळसर धूर, ब्रीदरमधून भकाभका येणारी हवा आणि रोज घटणारं ऑइल ही तिन्ही एकत्र दिसली, तर मात्र रिंगा आणि लायनर झिजल्याचा संशय खरा मानावा. ऑइल दुधाळ झालं असेल, तर पाणी कुठून तरी आत शिरतंय.

टँकरच्या बाबतीत किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नये. गाडी जागेवर उभी, इंजिन मात्र पंप चालवतंय, असा वेळ मीटरवर उमटतच नाही. दीड लाख किलोमीटर धावलेलं टँकरचं इंजिन हायवेवरच्या तीन लाखवाल्यापेक्षा जास्त झिजलेलं निघू शकतं.

खरा निर्णय हेड उतरल्यावर होतो. लायनरच्या आत वरच्या टोकाला नख फिरवून पाहावं. तिथे नख अडकलं, तर समजायचं की रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत धातू खाल्ला गेलाय आणि त्याच्या वरची पट्टी शाबूत राहिली आहे. रिंग जिथून परत फिरते, ती जागा म्हणजे स्फोटाचा दाब सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी. झीज तिथूनच सुरू होते. पण नखावर हिशेब करायचा नसतो. वर, मध्ये आणि खाली, तेही आडवं-उभं असं गेजने मोजून आकडे कागदावर घ्यावेत. क्रँकचंही तेच. ग्राइंडिंग करून त्याला दहा, वीस, तीस, चाळीस साइझची बेअरिंगं बसवतात. दहा म्हणजे पाव मिलिमीटर. चाळीसवर पोचलेल्या क्रँकला पुढची संधी सहसा मिळत नाही.

पार्ट आणि कारागिरांच्या बाबतीत जुन्या टाटा गाड्यांचं नशीब चांगलं. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाली डाइम्लर-बेन्झ यांचा करार 1954 ते 1969 चालला. टाटाच्या 697 इंजिनाचं माप, सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर आणि 128 मिलिमीटर स्ट्रोक, मर्सिडीजच्या ओएम 352 शी तंतोतंत जुळतं. हे इंजिन वर्षानुवर्षं इतक्या गाड्यांत बसलं, की त्याचे पार्ट आणि त्याची नस जाणणारे हात दोन्ही सहज मिळतात. शिवाय पिंपरीत टाटांचा कारखाना, भोसरीत एमआयडीसी, म्हणजे मारुंजीकराला लेथवाल्यासाठी लांब जायला नको. कमिन्सच्या 6बीटीचं गणित थोडं वेगळं. त्यात मुळात लायनर नसतो. ब्लॉकच बोअर करून अर्धा किंवा एक मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा लागतो.

तेव्हा ब्लॉक आणि क्रँक मापात असतील, तर इंजिन बांधून घेणंच बरं. रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल किंवा ब्लॉकला तडा असेल, तर बदलण्याला पर्याय नाही. भंगारातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण आत काय आहे ते कोणी सांगत नाही. त्यापेक्षा टाटा मोटर्सच्या 'प्रोलाइफ'सारखं कंपनीने रीकंडिशन केलेलं, जुनं देऊन घ्यायचं इंजिन परवडतं. जुन्या गाडीत बीएस-6 इंजिन टाकायचा विचार मात्र सोडूनच द्यावा. ईसीयू, वायरिंग, अ‍ॅडब्लू असा सगळा संसार त्याच्यासोबत येतो.

आणि गाडी तरी किती उरली आहे? चेसी गंजलेली, गिअरबॉक्स ओरडतोय, तर नवं इंजिन कोणासाठी? 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दरांत 15 वर्षांहून जुन्या जड मालगाडीचं फिटनेस शुल्क 12,500 रुपये झालं होतं. उलट बाजूला, 2021 च्या केंद्राच्या स्क्रॅप धोरणात नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के भंगारमूल्य आणि व्यावसायिक वाहनाला रोड टॅक्समध्ये 15 टक्क्यांपर्यंत सवलत सुचवली आहे. इंजिनाचं कोटेशन हातात आलं, की यांचे आजचे आकडे शेजारी मांडून बघावेत. काम चालेल तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या खेपाही त्यात धराव्यात. त्या नेमक्या विसरल्या जातात.

इंजिन बदललंच, तर नंबरही बदलतो. आरसीतला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर जुळला नाही, तर फिटनेसला, विम्याला, पुढे विक्रीलाही गाडी अडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे बदल 14 दिवसांत आरटीओला कळवावा लागतो. परवानगीचं आधीच विचारून ठेवलेलं चांगलं. इंजिन घेताना नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागून घ्या, कारण आरटीओत तेच दाखवावं लागतं.