गाडीला आरसे घेताना

मैत्रिणींनो, आरसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो कुंकू लावायचा नाहीतर कपाटाच्या दाराचा. मी आज सांगणार आहे ती गोष्ट निराळ्याच आरशाची. आधी थोडं घरचं सांगते.

आम्ही इंग्लंडात लेस्टरला राहतो. मी जवळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकीचा वेळ घर आणि दोन मुलं. हॉटेलांचा खर्च परवडेना म्हणून आम्ही एक जुनी कॅरव्हॅन घेतली. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच म्हणा ना! दोन बिछाने, शेगडी, मोरीएवढं न्हाणीघर. गाडीच्या मागे जोडायचं नि निघायचं. हौसेनं मी पडदे शिवले, डबे लावले, मसाल्याचा डबासुद्धा निराळा केला. आरशांचा विचार मात्र आम्ही अगदी शेवटी, निघायच्या आदल्या संध्याकाळी केला. ह्यांनी दुकानातून सगळ्यांत स्वस्त जोडी आणली, रबरी पट्ट्यानं बांधायची.

दुसऱ्या दिवशी ए ६ रस्त्यानं डर्बीच्या पुढे निघालो. बेल्पर गावात पेट्रोल घ्यायला ह्यांनी गाडी डावीकडे वळवायला घेतली. मी मागे वळून मुलांना थालीपीठ देत होते. एवढ्यात कॅरव्हॅनवर धाड्‌धाड्‌ थापा! ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. खाली उतरून पाहते तो कॅरव्हॅन आणि फुटपाथची कड यांच्या चिंचोळ्या जागेत एक मुलगा सायकल धरून उभा. आमच्या थोरल्याच्याच वयाचा असेल, पंधरा-सोळा वर्षांचा. हातानं थापा मारून त्यानं स्वतःला वाचवलं होतं. तो काही बोलला नाही, रागावलाही नाही. फक्त बोट करून आमचा डावा आरसा दाखवला. पट्टा सैल होऊन आरसा वर फिरला होता आणि त्यात नुसते ढग दिसत होते.

त्या रात्री आम्हां दोघांनाही झोप लागली नाही.

जादा आरसा कशाला?

तुम्ही म्हणाल, गाडीला आरसे असतातच की! असतात, पण आमची गाडी रुंदीला साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर आणि कॅरव्हॅन सव्वादोन मीटर. म्हणजे दोन्ही अंगांना ती वीतभर बाहेर येते. गाडीच्या आरशात दिसते ती कॅरव्हॅनची भिंत. आतल्या आरशात दिसतो मी शिवलेला पडदा! मागची माणसं, सायकली, मोटारी यांचा पत्ताच नाही. म्हणून गाडीच्या आरशाला आणखी एक आरसा लांब दांडीवर जोडायचा.

ब्रिटनमध्ये याचा कायदाच आहे. चालवणाऱ्याच्या मागे वीस मीटरवर, कॅरव्हॅनच्या कडेपासून बाहेर चार मीटर रुंदीचा रस्ता दिसला पाहिजे, दोन्ही बाजूंना. आपल्या हिशेबात सांगायचं तर अडीच नऊवारी लुगडी मागे आणि अर्धं लुगडं बाजूला! नाही दिसलं तर हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट. पण खरं सांगू? त्या मुलाचं बोट आठवलं की दंडाचं काही वाटत नाही.

निवड कशी करावी?

आम्ही चुकून शिकलो ते असं :

पहिली गोष्ट, आरसे गाडी घेऊन जाऊन घ्यावेत. ब्लाउजचं कापड जसं साडीला लावून बघतो तसंच हे. हल्लीच्या गाड्यांच्या आरशांचे आकार निमुळते, गोलसर. एकीला घट्ट बसतो तो दुसरीला निसटतो. काही गाड्यांच्या आरशाच्या काचेत बाजूला गाडी आल्याची खूण करणारा दिवा असतो. तो झाकला जात नाही ना, हेही तिथंच बघावं.

दुसरं, पट्टा की स्क्रूचा क्लॅम्प? पट्टा स्वस्त आणि झटपट, पण रबर उन्हापावसानं ढिलं पडतं. क्लॅम्प वरून-खालून आवळून धरतो. आम्ही क्लॅम्पच घेतला. लावण्याआधी गाडीच्या आरशाची पाठ ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करावी. नाहीतर धूळ मध्ये राहून ओरखडे उठतात आणि पकडही नीट बसत नाही.

तिसरं, काच. सपाट काचेत मागची गाडी खरोखर जेवढी लांब असते तेवढीच दिसते, पण दिसतं थोडं. बहिर्गोल काचेत पुष्कळ दिसतं, पण सगळं लहान आणि लांब भासतं. लांब आहे म्हणून आपण लेन बदलायला जावं आणि ती गाडी आलेली असावी अगदी बाजूला! आम्ही बहिर्गोल घेतले, कारण सपाटात आम्हांला चार मीटर बसेनात. नजरेला सवय व्हायला मात्र आठवडा गेला. काचेवर इंग्रजी ‘ई’ अक्षर आणि त्याला जोडून आकडा आहे ना, हे पाहून घ्यावं. ती मंजुरीची खूण.

चौथं, दांडी. आखूड असेल तर भिंतच दिसणार. फार लांबही नको, कारण कॅरव्हॅनच्या कडेबाहेर २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त आरसा चालत नाही. लांब दांडी वाऱ्यानं थरथरते आणि आरशात एकाच्या तीन गाड्या दिसतात.

घरची परीक्षा

दुकानदार काही म्हणो, खरी परीक्षा आपण घ्यायची. मोकळ्या सपाट जागेत गाडीला कॅरव्हॅन जोडून सरळ उभी करावी. चालवणाऱ्यानं नेहमीसारखं बसून पट्टा लावावा. कपडे वाळत घालायच्या दोरीला मीटरमीटरवर गाठी माराव्यात आणि चालवणाऱ्यापासून मागे वीस मीटर मोजावे. तिथं एक मूल कॅरव्हॅनच्या कडेच्या रेषेत आणि दुसरं बाहेर चार मीटरवर उभं करावं. दोघंही एकदम दिसली पाहिजेत. मग दुसरी बाजू. आमच्या धाकटीनं तर बादली डोक्यावर घेऊन नाच केला, म्हणे ‘आता दिसते का?’

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून क्लॅम्प हातानं हलवून पाहावा. कॅरव्हॅन सोडली की आरसेही काढून ठेवावेत. आमचे जुन्या स्वेटरच्या बाह्यांमध्ये निजतात.

आणखी एक. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर लायसन्स काढलेल्यांना पूर्वी मोठी कॅरव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली. साध्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. म्हणून मीही चालवायला लागले. परीक्षा गेली तरी जबाबदारी गेली नाही, असं म्हणून आधी एक दिवस रीतसर शिकून घेतलं. माझी उंची ह्यांच्यापेक्षा कमी, तेव्हा ह्यांनी लावलेला आरसा मला निरुपयोगी. त्यावर तोड म्हणून दांडीच्या सांध्यावर नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले : लाल माझा, गुलाबी ह्यांचा. माणूस बदललं की ठिपका जुळवायचा, मग काचेत बघून खात्री करायची.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली कॅरव्हॅन? बरोबर. पण मी पुण्यात गाडी शिकले तेव्हा गर्दीत घासू नये म्हणून डावा आरसा मिटूनच ठेवायची सवय होती. मागच्या सुट्टीत आले तेव्हा भावाच्या गाडीचाही तसाच मिटलेला. मी बाहेर हात घालून उघडला, तर म्हणाला, “ताई, फुटेल गं!”

म्हटलं, “फुटू दे. काच बाजारात मिळते.”

ह्यांचीही एक सवय होती. वळताना मला विचारायचे, “अगं, डावीकडे कोणी नाही ना?” आणि मी न बघताच ‘नाही’ म्हणायची. आता हे विचारत नाहीत. स्वतः आरशात बघतात, आणि मीही बघते. थालीपीठ मात्र गाडी थांबल्यावरच मिळतं!