नागफणी आणि ड्यूकचे नाक

पुण्याहून मुंबईकडे जाणारी आगगाडी लोणावळे मागे टाकून खंडाळ्याच्या घाटात शिरू लागली, म्हणजे दरीपलीकडे एक प्रचंड काळा सुळका दृष्टीस पडतो. त्याचा माथा पुढे झुकलेला असून खालचा कडा सरळ तुटलेला आहे. कुरवंडे गावाकडून या माथ्यावर पायी जाता येते. मावळातील गुराखी व शेतकरी या सुळक्याला नागफणी म्हणत आले. फणा उभारून बसलेला नाग त्यांना तेथे दिसला. पुढे इंग्रज या घाटात आले. त्यांनीही तोच सुळका पाहिला. परंतु त्यांना नाग दिसला नाही. त्यांना दिसले ते आपल्या एका सेनापतीचे नाक!

हा सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ साली असईच्या रणांगणावर मराठ्यांच्या फौजेशी लढलेला हाच तो पुरुष. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे त्याने नेपोलियनचा पराभव केला. त्याचे नाक लांब व बाकदार होते आणि त्याच्या कीर्तीइतकेच तेही प्रसिद्ध होते. त्या नाकावरून आमच्या सुळक्याला ‘ड्यूक्स नोज’ हे नाव पडले.

मुलांनो, खडक एकच, नावे मात्र दोन. दगड तसूभरही बदलला नव्हता. पाहणारे डोळे निराळे होते. ज्याच्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात नाग निघतो, त्याला नाग आठवला. ज्याने सेनापतीची चित्रे पाहिली होती, त्याला नाक आठवले. अनोळखी वस्तू पुढे आली, की मन आपल्या ओळखीची वस्तू शोधून तिच्याशेजारी ठेवते. ज्याला आपण काव्यातील अलंकार म्हणतो, त्याचा उगम मनाच्या या सवयीत आहे.

आता हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत पाहू. ‘तो सुळका नागाच्या फण्यासारखा झुकलेला आहे’ या वाक्यात ज्याचे वर्णन करावयाचे तो सुळका हे उपमेय होय. ज्याच्याशी तुलना केली तो फणा हे उपमान. झुकलेपणा हा दोघांत सारखा असलेला गुण, आणि ‘सारखा’ हा साम्य दाखविणारा शब्द. या चौघांच्या मेळाने उपमा होते. इंग्रजीत हिला ‘सिमिली’ म्हणतात आणि ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ या शब्दांवरून ती चटकन ओळखता येते. ‘सारखा’ हा शब्द काढून ‘तो सुळका म्हणजे उभारलेला फणाच’ असे म्हटले, तर दोन वस्तूंमधले अंतर नाहीसे होते. हे रूपक. इंग्रजीत याला ‘मेटाफर’ असे नाव आहे. हा शब्द मूळचा ग्रीक आणि त्याचा अर्थ आहे पलीकडे वाहून नेणे. हा अर्थ मला फार आवडतो. आगगाडी होण्यापूर्वी बैलांचे तांडे कोकणातला माल पाठीवर घेऊन घाट चढत आणि देशावर आणून उतरवीत. रूपकही एका वस्तूचे गुण असेच उचलते आणि दुसऱ्या वस्तूवर नेऊन उतरविते. ‘नागफणी’ या नावात तर सुळक्याचा उल्लेखच नाही, उपमानाने उपमेय गिळूनच टाकले आहे. शास्त्रकारांनी या प्रकाराला आणखी एक भारदस्त नाव दिले आहे. ते तुम्ही वरच्या वर्गात गेल्यावर शिकालच.

तुलना निश्चयाने न करता कल्पनेने केली आणि ‘जणू’, ‘भासे’, ‘वाटे’ असे शब्द योजिले, म्हणजे आपण त्या अलंकाराला उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत तिला स्वतंत्र नाव नाही. तेथे ती बहुधा सिमिलीतच मोजली जाते. म्हणून एका भाषेतील अलंकारांची यादी दुसऱ्या भाषेतील यादीशेजारी मांडून जोड्या लावू गेल्यास त्या पुऱ्या जुळत नाहीत, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

नावे पाठ करणे सोपे असते. खरी अडचण पुढे येते. शेक्सपिअर या थोर इंग्रज कवीची सुनीते १६०९ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील अठराव्या सुनीतात, आपल्या प्रिय व्यक्तीस उन्हाळ्यातील दिवसाची उपमा द्यावी काय, असा प्रश्न कवीने आरंभीच केला आहे. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. वैशाखात आपल्याकडे विहिरी तळाला जातात, पायांखाली माती भाजते. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला कोणी वैशाखातली दुपार म्हणेल काय? परंतु हा कवी ज्या देशात राहिला, तेथील हिवाळा लांब, अंधारा आणि गारठ्याचा असतो. तेथे उन्हाळा म्हणजे कोवळे ऊन, फुले आणि मोकळे आकाश. हे कळले म्हणजे ती उपमा गोड लागते. पुढे कवी म्हणतो, की ही व्यक्ती त्या दिवसाहूनही सौम्य आहे. उपमेय उपमानाहून श्रेष्ठ ठरविण्याच्या या रीतीला आपण व्यतिरेक म्हणतो.

दुसरे उदाहरण वर्ड्स्वर्थचे. डॅफोडिल नावाच्या पिवळ्या फुलांवरील त्याची कविता १८०७ साली छापली गेली. तिच्या प्रारंभी कवीने आपल्या एकाकी भटकण्याला उंचावरून तरंगत जाणाऱ्या ढगाची उपमा दिली आहे. एकटा ढग! लोणावळ्याच्या मुलाने एकटा ढग कोठून पाहावा? येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आषाढात ढग येतात ते खिल्लारांसारखे, खांद्याला खांदा लावून, आणि घरात शिरून कपडे ओले करून जातात. आपल्या देशात कालिदासाने ढगाला दूत केले, विरही यक्षाचा निरोप पोहोचविण्याचे काम त्याला सांगितले. कारण आपल्याकडे ढगाची वाट पाहिली जाते. वर्ड्स्वर्थचा ढग समजून घ्यावयाचा तर इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांच्या प्रदेशात मनाने जाऊन उभे राहावे लागते. यात आणखी एक मौज आहे. १८०२ सालच्या एप्रिलमध्ये ज्या दिवशी त्याने ती फुले पाहिली, त्या दिवशी तो एकटा नव्हताच! त्याची बहीण डोरोथी बरोबर होती आणि त्या फुलांचे सुंदर वर्णन तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. मग कवी खोटे बोलला काय? मला तसे वाटत नाही. बरोबर कोण होते हे रोजनिशी सांगते. मन कसे होते हे उपमा सांगते.

हे सर्व मला आज उमगले आहे. शिकवीत होतो तेव्हा उमगले नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी ‘पावसाळ्यातील सकाळ’ हा निबंध घातला होता. पवनेच्या खोऱ्यातून येणाऱ्या एका मुलीने त्यात लिहिले, ‘धुक्यात आमचा डोंगर इरले घेऊन आवणीला वाकल्यासारखा दिसत होता.’ इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे पाठीवर घ्यावयाचे आच्छादन. आवणी म्हणजे भाताची रोपे चिखलात लावण्याचे काम. तिची आई व आजी दिवसभर तशाच वाकून पावसात उभ्या असत. मी त्या वाक्यावर तांबडी रेघ मारली आणि समासात लिहिले, ‘डोंगराने धुक्याची शुभ्र दुलई पांघरली होती.’ वही परत घेताना तिने विचारले, “सर, दुलई कशी असते?” मी तिला दुलईचे वर्णन करून सांगितले. एका चांगल्या उपमेचा आपण जीव घेतला, हे माझ्या लक्षातही आले नाही. त्यानंतरच्या प्रत्येक निबंधात तिने शुभ्र दुलया वापरल्या. तिला गुणही चांगले मिळत गेले.

डोंगराला वाकावयास लावून त्या मुलीने आणखी एक अलंकार साधला होता. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे वर्णन, म्हणजे चेतनगुणोक्ती. इंग्रजीत याला ‘पर्सॉनिफिकेशन’ म्हणतात. तिच्या घरात हा अलंकार नवा नसावा. मावळ-मुळशीच्या बायका पहाटे दळताना ओव्या गात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी अशा ओव्या गावोगाव फिरून जमविल्या. त्यांच्या या उपक्रमातून महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. दळणारी बाई जात्यालाच देव मानून हाक मारते, मला जड जाऊ नकोस अशी त्याची विनवणी करते. दूर असलेल्या किंवा अचेतन वस्तूला समोर असल्याप्रमाणे हाक मारण्याच्या या रीतीला इंग्रज टीकाकार ‘अपॉस्ट्रफी’ म्हणतात. या बायकांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. अलंकाराचे नाव ठाऊक नसताना अलंकार साधतो तो असा.

हे झाले अर्थाचे अलंकार. काही अलंकार केवळ कानासाठी असतात. ‘काळ्या कातळाच्या कड्यावरून कोसळणारे’ असे म्हणताना ‘क’ पुनःपुन्हा येऊन आदळतो. हा अनुप्रास, इंग्रजीतील ‘अ‍ॅलिटरेशन’. फार प्राचीन इंग्रजी काव्याला यमक जवळजवळ ठाऊकच नव्हते. त्याच्या ओळी अशा अक्षरांच्या पुनरावृत्तीनेच बांधलेल्या असत. शब्दाच्या नादातच अर्थ असतो त्या प्रकाराला ते ‘ऑनोमॅटोपिया’ म्हणतात. हा लांबलचक शब्द पाठ करण्यापूर्वी खिडकीशी जाऊन पाऊस ऐका. भुरभुर, रिपरिप, टपटप, धो-धो. इतके पाऊस एका मराठी कानाला वेगवेगळे ऐकू येतात.

गेल्या आषाढात नातवाला घेऊन मी मुंबईस निघालो होतो. घाटात गाडी मंदावली. नागफणी आणि ड्यूकचे नाक या दोन्ही नावांची कथा मी त्याला रंगवून सांगितली आणि खिडकीतून बोट केले. पाहतो तो सगळीकडे धुके. नाग नाही, नाकही नाही. एक मोठा, वाकलेला, ओला आकार तेवढा पांढुरक्या पडद्यामागे दिसत होता. मला एकदम ते इरले आठवले. पण नातवाने इरले कधी पाहिलेले नाही. आता शेतातसुद्धा त्याची जागा बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या कापडाने घेतली आहे. तो काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, डोंगराने रेनकोट घातलाय आणि तो बसची वाट बघतोय.”

मी खिशातून पेन काढले आणि ते वाक्य माझ्या वहीत जसेच्या तसे उतरून घेतले.