माप छातीचं, परीक्षा दमाची

लातूर जिल्ह्यातल्या चाकूरहून एक पत्र आलं आहे. लिहिणारा पोलिस भरतीची तयारी करतो. दोन वर्षं नेमानं जिम केली, दंड भरले, पोटावर ‘पॅक’ उमटले, गल्लीतली पोरं त्याच्या ‘बॉडी’वर फिदा आहेत. पण सोळाशे मीटरला उतरलं की तिसऱ्या राउंडला त्याच्या तोंडाला फेस येतो, आणि सगळे ज्याला ‘काडी’ म्हणतात तो मित्र शेवटच्या राउंडला त्याला मागे टाकून आरामात निघून जातो. त्याचा प्रश्न एवढाच आहे: आमच्या दोघांत फिट कोण?

भरतीच्या नियमांतच या गोंधळाची दोन्ही टोकं आहेत. महाराष्ट्र पोलिसांत शिपाई व्हायचं तर पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर भरावी लागते आणि फुगवल्यावर ती किमान ५ सेंटिमीटरनं वाढावी लागते. टेप लावला, माप बसलं, विषय संपला. त्याला गुण नाहीत. मैदानी चाचणीचे ५० गुण जातात १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेकीला. त्यात सोळाशेचे पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे दिसण्याचा भाग फाटकातून आत सोडण्यापुरता, पुढे सगळा हिशेब कामाचा.

छाती मोठी म्हणजे दम मोठा, ही आपली जुनी समजूत. पण निरोगी माणसाची फुप्फुसं सहसा अपुरी पडत नाहीत. जिवाच्या आकांतानं पळतानाही फुप्फुसांतून निघणारं रक्त प्राणवायूनं जवळपास भरलेलंच असतं. अडतं ते पुढे, हृदयापाशी. विहिरीला पाणी तुडुंब आहे, पण मोटार दीड हॉर्सपॉवरची आहे, तर शेवटच्या सरीपर्यंत पाणी कसं पोचणार? बसल्या जागी आपलं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं. सराव नसलेला धडधाकट तरुण जीव तोडून पळाला तर हा आकडा २० लिटरच्या आसपास जातो. लांब पल्ल्याचे अव्वल धावपटू ३५ लिटरपर्यंत, काही त्याहूनही पुढे जातात. महिनोन्महिने पळणाऱ्याच्या हृदयाचा डावा कप्पा ऐसपैस होतो, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं, स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींतल्या तंतुकणिका वाढतात. यातली एकही गोष्ट टी-शर्टमधून दिसत नाही. ‘काडी’कडे हे सगळं आहे. पत्रलेखकाकडे दंड आहेत, आणि ते गोळाफेकीला उपयोगी पडतील, शंभर मीटरलाही थोडेफार.

मुळात शरीर हे ‘बघायची’ वस्तू ठरवून त्याच्या स्पर्धा घेणं, ही फार जुनी गोष्ट नाही. १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोनं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. त्याच्याबरोबर परीक्षक होते चार्ल्स लॉज आणि आर्थर कॉनन डॉयल. एक शिल्पकार, दुसरा शेरलॉक होम्स लिहिणारा डॉक्टर. शिल्पकार कशासाठी, हे वेगळं सांगायला नको. सँडोची जादू आपल्याकडेही चालली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हटलं की आपल्याला सूर्यनमस्कार आठवतात, पण त्याआधी त्यांनीही बरीच वर्षं सँडोच्या पद्धतीनं मेहनत केली होती. आजची पोस्टरं मात्र सँडोच्याही पुढे गेली आहेत. स्पर्धेच्या दिवशी मंचावर तेल लावून उभा राहिलेला शरीरसौष्ठवपटू हा बहुधा त्याच्या वर्षातला सगळ्यांत गळालेला दिवस काढत असतो. कातडी स्नायूंना चिकटून नस न् नस दिसावी म्हणून आठवडेच्या आठवडे जेवण तोडलेलं असतं, अनेक जण शेवटी पाणीही तोडतात. पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान घटतं, क्षारांचा तोल जातो आणि हृदयाची लय बिघडू शकते. शरीर सगळ्यांत सुंदर दिसतं त्याच दिवशी त्याला सोळाशेला पळवणं धोक्याचं. पावडरीच्या डब्यावर फोटो असतो तो याच दिवसाचा!

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. जेरी मॉरिस. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, पण तो आकड्यांनी पहिल्यांदा दाखवणाऱ्या या डॉक्टरचं नाव किती जणांना माहीत असतं? दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके का वाढताहेत, हे कोणाला कळत नव्हतं. मॉरिसनं लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांकडे पाहिलं. चालक आणि वाहक एकाच गाडीत, एकाच वस्त्यांतून आलेले, पगारातही फार अंतर नाही. फरक इतकाच की एक दिवसभर बसून आणि दुसरा दिवसभर जिन्यावर. वाहक एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: वाहकांना हृदयविकार कमी, झाला तर उशिरा, आणि कमी घातक.

यावर शंका अर्थातच निघाली. चालक मुळातच जाड असतील, जाड माणूसच बसायचं काम धरत असेल, मग दोष बसण्याचा की जाडीचा? मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर जे केलं ते मला विज्ञानातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं. हजारो माणसांना बोलावून मोजत बसायला ना पैसा होता ना वेळ. पण बस कंपनी सगळ्यांना गणवेश शिवून देत होती आणि त्या शिंप्यांकडे प्रत्येकाच्या विजारीचं कमरेचं माप नोंदलेलं होतं! १९५६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच गणवेशांचं साथरोगशास्त्र असा शब्दप्रयोग आहे. चालकांच्या विजारी खरंच मोठ्या मापाच्या होत्या. पण कमरेच्या मापानुसार गट पाडून पाहिलं, तेव्हा सडपातळ, मध्यम, ढेरपोटे अशा प्रत्येक गटात वाहकच बऱ्या अवस्थेत निघाले. पोट सुटलेला वाहक तेवढंच पोट सुटलेल्या चालकापेक्षा सुरक्षित होता. विजारीचं माप खोटं नव्हतं, फक्त ते जिन्यांबद्दल काही बोलत नव्हतं. (आपल्या एसटीच्या वाहकाला वरचा मजला नाही, हे त्याचं दुर्दैव. मुंबईच्या बेस्टच्या वाहकांवर असा अभ्यास जुन्या काळी व्हायला हवा होता, असं राहून राहून वाटतं.) मॉरिस स्वतः साठच्या दशकात लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर पळायला जायचा तेव्हा लोक त्याला वेडा समजत. तो नव्व्याण्णव वर्षं जगला.

ढेरपोट्याबद्दलचं हे वाचून बारीक वाचकांनी निर्धास्त होऊ नये. त्यांच्यासाठी पुण्याची गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’नं छापला. पांढऱ्या शर्टातली दोन सडपातळ माणसं. वजन-उंचीचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. डोळ्यांना दोघेही सारखेच तंदुरुस्त. मग क्ष-किरणांनी चरबी मोजली: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. खाली त्यांनीच मिश्किलपणे लिहिलं की युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठणं. पण त्यांना सुचवायचं होतं ते फक्त आळसाबद्दल नव्हतं. याज्ञिक जन्मतः कमी वजनाचे होते. त्यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउदम्प्टनमधली ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंत, पोटातल्या अवयवांत, उंचीत कमी पडली. चरबीत मात्र त्या मानानं कमी पडली नाहीत. गर्भात जे मिळालं त्यात शरीरानं मेंदू वाचवला, चरबी राखली आणि स्नायूंवर काटकसर केली. आपल्याकडे सडसडीत दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत मधुमेह निघतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘याला कसा झाला? अंगावर मांस नाही!’ नेमकं तेच तर कारण. साखर जिरवायचं सगळ्यांत मोठं कोठार स्नायूच असतात.

चेहऱ्याचं काय? देखणा चेहरा म्हणजे आतलं आरोग्य बाहेर उमटलेलं, असा एक सिद्धांत दर दोन वर्षांनी बातम्यांत येतो. २०१४ साली एरिक पोस्टमा यांनी टूर द फ्रान्समधल्या ८० सायकलपटूंचे फोटो लोकांना दाखवले आणि चांगली कामगिरी करणारे थोडे जास्त देखणे ठरले. वृत्तपत्रांनी हा अभ्यास लगेच उचलला. १९९८ चा कॅलिक आणि सहकाऱ्यांचा अभ्यास कोणी उचलत नाही. त्यांनी किशोरवयातले जुने फोटो आणि त्याच माणसांच्या आयुष्यभराच्या वैद्यकीय नोंदी शेजारी ठेवल्या. देखणेपणावरून आरोग्याचा अंदाज बांधता आला नाही. उलट बघणाऱ्यांनी देखण्यांना जास्त निरोगी मानलं आणि तिथेच त्यांचा अंदाज फसला.

लातूरकरांना हे समजायला परदेशी अभ्यास नकोतच. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण घेऊन आले. तालमीतल्या मल्लाच्या पोटावर ‘पॅक’ शोधत बसू नये. खऱ्या मेहनतीची एकच खूण त्याच्या अंगावर ठळक दिसते: मातीत रगडून गोळा झालेला कान. त्याला कोणी देखणा म्हणणार नाही.

दिसणं आणि क्षमता अगदी उलट दिशेला जातात ती जागा मात्र आखाड्याबाहेर, आपल्या घरात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन उतरलं की चेहरा फिका पडतो, आणि ‘उजळ’ म्हणून स्थळं येणाऱ्या मुलींपैकी काहींचा उजळपणा हा निव्वळ तोच असतो. पत्रलेखकाच्या गावात मुलीही भरतीसाठी पळत असतील. त्यांना ८०० मीटर आहे. एखादीचं हृदय कितीही दमदार असलं तरी रक्तच प्राणवायू कमी वाहत असेल तर दुसऱ्या राउंडला ती बसकण मारणारच, आणि कोच म्हणणार, सराव कमी पडला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय. चाकूरच्या ग्रामीण रुग्णालयात बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त दिलं तरी ते कळेल. नवे बूट घ्यायचे ते त्यानंतर.