साखरेचे पोते आणि कराची साखळी

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ रोजी विक्रीकराच्या जागी मूल्यवर्धित कर आला. पुढे १ जुलै २०१७ पासून हीच पद्धत वस्तू व सेवा कराच्या रूपाने देशभर लागू झाली. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याचे मद्य यांवर मात्र राज्याचा मूल्यवर्धित कर अद्याप कायम आहे.

असा कर एखादा देश किती कार्यक्षमतेने वसूल करतो, हे मोजण्याचे साधे गणित आहे. लोकांनी शंभर कोटींचा खर्च केला आणि कराचा सर्वसाधारण दर दहा टक्के असला, तर दहा कोटी यावयास हवेत. पाचच आले तर कार्यक्षमता निम्मी. या कसोटीवर न्यूझीलंडचे नाव नेहमी पुढे असते. तेथे १९८६ पासून जवळजवळ सर्व वस्तूंना एकच दर असून सवलती अगदी मोजक्या आहेत. तेव्हा तूट केवळ करचुकवेगिरीमुळे पडते असे नाही. कायद्याने दिलेल्या सवलती आणि कमी दर हेही तिचे कारण असते.

चुकवेगिरी नेमकी कोठे जड जाते, हे इंदापूर तालुक्यातील भवानीनगरच्या किंवा बारामती तालुक्यातील माळेगावच्या साखरेवरून समजून घेता येईल. साखरेवर ५ टक्के कर आहे. हिशेबापुरते धरू की, कारखान्याने एक क्विंटल साखर ४,००० रुपयांस विकली. कर २०० रुपये. घाऊक व्यापाऱ्याने ती ४,२०० रुपयांस दिली. कर २१०, पण आधीचे २०० वजा जाता त्याने भरावयाचे १० रुपये. किरकोळ दुकानदाराने ४,५०० रुपयांस विकली. त्याचा भरणा १५ रुपये. एकूण २२५ रुपयांपैकी २०० कारखान्याच्या दारातच जमा झाले. दुकानदाराने बिल फाडले नाही तरी शासनाचे १५ रुपयेच बुडतात. मालाच्या व्यापारात ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदारास नोंदणीतून सूट देणे परवडते, ते यामुळेच. उलट कारखान्यातूनच माल बिनबिलाचा निघाला, तर सारी साखळीच अंधारात जाते.

खाणावळीचे गणित निराळे आहे. पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवणची मासळी खाण्यास प्रवासी थांबतात. तेथील मोल मुख्यतः शेवटच्या टप्प्यावर, स्वयंपाकघरात वाढते. बिल टळले की मोठा हिस्सा बुडतो. शिवाय नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के दर असून खरेदीवरील कराची वजावट नाही. साहजिकच तेल-मसाल्याचे पक्के बिल मागण्यात मालकाचा स्वार्थ उरत नाही. दर सोपा झाला खरा, पण व्यापाऱ्यांनी एकमेकांवर ठेवलेली नजर सैल झाली.

सवलतीचीही एक गंमत आहे. ऊस करमुक्त आहे. परंतु शेतकऱ्याने खतावर दिलेला ५ टक्के कर त्यास परत मिळत नाही आणि कारखान्यासही त्याची वजावट घेता येत नाही. ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या डिझेलवरील कराचेही तसेच. तो किमतीत मुरतो आणि साखरेवर पुन्हा कर बसतो.

या साखळीत ग्रामपंचायतीचेही एक काम आहे. ऑक्टोबर २०१८ पासून अडीच लाखांहून अधिक रकमेच्या करपात्र कंत्राटात देयक देताना २ टक्के रक्कम कापून शासनाकडे भरावी लागते. ती ठेकेदाराच्या खात्यावर जमा दिसते आणि बांधकामाचा व्यवहार नोंदीत येतो. ही कपात वेळेवर न भरल्यास ठेकेदाराची रक्कम अडकते आणि पंचायतीस व्याज भरावे लागते.