बर्फ, शेळ्या आणि वाकळ

व्हरमाँटमध्ये नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतो आणि पुढे एप्रिलपर्यंत तो कुठे ना कुठे दिसतच राहतो. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, कॅनडाला लागून असलेलं हे छोटंसं राज्य. नोकरी घरूनच करायची ठरल्यावर आम्ही बॉस्टनचं भाडं भरणं सोडलं आणि चार वर्षांपूर्वी इथल्या एका खेड्यात घर घेतलं. घराबरोबर आधीच्या मालकाच्या सहा कोंबड्या आल्या. दोन शेळ्या आम्ही नंतर आणल्या. ते ऐकून आई फोनवर जरा वेळ गप्पच झाली. मग म्हणाली, "इंजिनिअर होऊन शेवटी शेळ्याच राखायच्या होत्या, तर माण तालुक्यात काय वाईट होतं?"

इथे नव्याने येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, उणे वीस अंशांत कोंबड्या जगतात कशा? खुराड्यात हीटर असेल ना? नाही. मुद्दामच नाही. वाळलेलं गवत, भुसा, पिसं आणि वर तापलेला दिवा, अशा जोडीने इथले कितीतरी गोठे दर हिवाळ्यात जळतात. शिवाय कोंबडीला त्याची गरजही नसते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवून ती त्यात हवा अडकवते आणि पाय पोटाखाली घेऊन बसते. त्यासाठी बसायची दांडी गोल न ठेवता रुंद, सपाट ठेवायची, म्हणजे बोटं पिसांखाली झाकली जातात. खरा शत्रू थंडी नाही, ओल आहे. श्वासाची आणि विष्ठेची वाफ खुराड्यात कोंडली की तुऱ्याला हिमदंश होतो. त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही छपराजवळची झरोकी उघडीच ठेवावी लागतात. पहिल्या वर्षी हे पचवायला मला जड गेलं.

अंडी मात्र डिसेंबरात जवळजवळ बंद. कारण उजेड. कोंबडीला अंडी घालायला चौदा-एक तास प्रकाश लागतो आणि इथे तेव्हा दिवस जेमतेम नऊ तासांचा. सव्वाचारला सूर्य गुडूप. दिवा लावून फसवता येतं, पण आम्ही त्यांना सुट्टी देतो. मला मिळते त्यापेक्षा मोठी.

माझी सकाळ साडेसहाला गरम पाण्याची बादली घेऊन सुरू होते. तेव्हा माणमध्ये संध्याकाळचे पाच. पूर्वी शेळ्या रानातून परतायची तीच वेळ. गुडघे गेल्यावर आईने आपल्या शेळ्या विकल्या, त्यालाही आता सहा वर्षं झाली. परदेशातल्या मुलांना आई-वडिलांशी होणारे फोन ठाऊक असतील. जेवलास का? हो. थंडी आहे का? आहे. नात काय करते? शाळेत गेली. चौथ्या मिनिटाला दोन्हीकडचं बोलणं संपतं आणि ठेवतो म्हणायला कोणी पुढे येत नाही. माझ्या कामातलं सांगावं तर आईला कळत नाही आणि तिच्या गावातली निम्मी माणसं आता मला आठवत नाहीत. शेळ्या आल्या आणि आईला एकदम विचारण्यासारखं सापडलं. पाणी कोमट देतोस ना? चारा रात्री जास्त घालतोस ना? बर्फ तिने जन्मात पाहिलेला नाही, पण शेळीला ओल चालत नाही हे तिला सांगावं लागलं नाही.

वाकळ शिवायचं त्यानंतर निघालं. आम्ही वाकळ म्हणतो, इतरांची गोधडी. आमच्या गावच्या लायब्ररीत दर शनिवारी सात-आठ आज्या क्विल्ट शिवायला बसतात. लेकीला पुस्तकं घ्यायला नेलं की मी तिथे रेंगाळायचो. एकीने सरळ हातात सुई दिली. क्विल्टचे तीन थर असतात. वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये कापसाचा किंवा लोकरीचा थर आणि खाली अस्तर. पहिला नमुना मी 'लॉग केबिन'चा घेतला. मधोमध लाल चौकोन, तो म्हणे घरातली चूल, आणि भोवती एकेक पट्टी फिरवत न्यायची. पाव इंचाची शिवण हुकली की सगळा चौकोन वाकडा. आमच्या वाकळेचा थाट वेगळा. मऊ झालेली जुनी लुगडी एकावर एक पसरायची आणि धावदोऱ्याने शिवत सुटायचं. मोजपट्टी कुणी पाहिलीय?

तरी बरंच काही सारखं निघालं. तिन्ही थर जमिनीवर ताणून आधी कच्चे टाके घाल, असं आज्यांनी सांगितलं. आईला विचारलं तर तिनेही शब्दशः तेच सांगितलं, वर "चारी कोपऱ्यांना वरवंटा-पाटा काहीतरी ठेव" ही पुस्ती. मुलगा शिवतोय म्हणून शेजारणीत थोडी थट्टा झाली, हेही तिनेच हसत सांगितलं.

अलाबामातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट्सचे फोटो मी आईला पाठवले होते. २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्यांचं प्रदर्शन झालं, २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटंही निघाली. आईने फोटो मोठे करून पाहिले. "टाके लांब आहेत. पण रंग चांगले लावलेत," इतकाच शेरा. मग बराच वेळ तिच्या आत्याच्या वाकळेबद्दल बोलत राहिली. ही आत्या मला कधी कळलीच नव्हती.

गेल्या जानेवारीत जड बर्फाने तारांवर झाडं पडली आणि वीज गेली. पारा उणे सव्वीसवर उतरत होता. इथे वीज गेली की विहिरीचा पंपही बंद, म्हणजे पाणी गेलं. लाकडाच्या शेगडीवर बर्फ वितळवत बसलो. बादलीभर भुसभुशीत बर्फाचं तांब्याभर पाणी होतं. रात्री अकराला गोठ्यात गेलो तर थोरली शेळी बसून होती, मान टाकलेली, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. जनावरांच्या डॉक्टरकडे जायचा रस्ता बंद. मोबाइलला रेंज होती, आईला फोन लावला. तिच्याकडे सकाळचे साडेनऊ.

"रवंथ करतीय का?" नाही. "कान बघ." गार. "खाली हात घाल, ओलं लागतंय का?" लागत होतं. वाऱ्याने दाराच्या फटीतून बर्फाची भुकटी आत येऊन तिच्या पोटाखालीच विरघळली होती. "आधी कोरडं कर. गूळ आहे का? गुळाचं कोमट पाणी पाज, बळजबरी नको, ठसका लागेल. मग हातानं थोडं थोडं वाळलं गवत दे. शेळीच्या पोटातच शेगडी असते, ती विझू द्यायची नाही."

हे शास्त्रालाही धरून आहे. पोटात चारा आंबताना उष्णता तयार होते, म्हणून इथले जुने शेतकरीही थंडीत खुराकापेक्षा गवत वाढवा म्हणतात. पण त्या रात्री शास्त्र आठवायला वेळ कुठे होता? गवत बदललं, फट पोत्याने बुजवली, पाणी पाजलं. "पाठीवर पोतं टाक," आई म्हणाली. दुसरं पोतं नव्हतं. घरात सरावासाठी शिवलेली एक क्विल्ट होती, चूल एका बाजूला सरकलेली. तीच टाकली. आईने फोन ठेवला नाही. मध्ये मध्ये आम्ही दोघंही काही बोलत नव्हतो, तिच्याकडच्या भांड्यांचे आवाज येत होते. पावणेचारला शेळीचा जबडा हलायला लागला. आईला सांगितलं. "आता झोप," म्हणाली, "मला पण स्वयंपाक आहे."

वीज तिसऱ्या दिवशी आली. ती क्विल्ट अजून गोठ्यातच आहे, शेळीने एक कोपरा खाऊन टाकलाय. शनिवारच्या आज्यांना तो कोपरा फारच आवडला.

या मार्चमध्ये आमच्या गावचा एक मुलगा बॉस्टनला येतोय. त्याच्या बॅगेतून आई आजीची दोन इरकली लुगडी पाठवतेय, वाकळेसाठी. लाडू-चिवड्याला जागा उरणार नाही म्हणून मी कुरकुर केली. तिने ऐकलं नाही. उलट परवा विचारत होती, गावातलं कोणी एक पाट अर्धलीने द्यायला तयार आहे, घेऊ का म्हणून. गुडघ्यांचं काय करणार, विचारलं. म्हणाली, "एकच तर आहे. दारातच बांधीन."