खारे वारे व मतलई वारे
समुद्रकिनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणाऱ्या वाऱ्यांस खारे वारे, तर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांस मतलई वारे म्हणतात. पाण्यापेक्षा जमीन लवकर तापते व लवकर निवते. त्यामुळे दिवसा जमिनीवरील हवा तापून वर जाते, तेथील वायुदाब कमी होतो आणि समुद्रावरील थंड हवा तिकडे वाहू लागते. रात्री हे अभिसरण उलट होते. मतलई वारे सामान्यतः मंद असतात. कोकणात पावसाळ्यात नैर्ऋत्य मॉन्सूनच्या प्रभावामुळे दोन्ही वारे जाणवत नाहीत. शिडाची गलबते मतलई वाऱ्यांवर समुद्रात जात व खाऱ्या वाऱ्यांवर परतत. मुंबईत मार्चमध्ये खारे वारे उशिरा सुरू झाल्यास तापमान एकदम वाढते. किनाऱ्याचे सौम्य हवामान बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते.