कॉफी, गाळणी आणि कोलेस्टेरॉल

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णीला गाडी थांबवून दुधातली इन्स्टंट कॉफी घेतलीत, तर त्या पुडीची फार काळजी नको. प्रश्न आहे तो उकळून, न गाळता प्यायच्या कॉफीचा. तिच्यातली कॅफेस्टॉल आणि काह्वेओल ही तेलकट द्रव्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या पाहणीने १९८३ मध्ये कॉफी आणि कोलेस्टेरॉलचा संबंध पुढे आणला. कागदी गाळणी ही द्रव्ये बरीचशी अडवते, धातूची तितकी नाही. कॅफिनचा यात दोष नाही.

आपण अधिक जपून राहायला हवे ते सायीच्या दुधापासून आणि सोबतच्या वनस्पती तुपातल्या खारीपासून. त्यापेक्षा घरची ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेंगाचटणी कितीतरी बरी. चटणीत मीठ मात्र बेताचे. कोलेस्टेरॉल वाढल्याचे शरीर सहसा सांगत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून लिपिड प्रोफाइल करून घ्या.